पुष्पलतेच्या पाठमोऱ्या बायका

पुष्पलता बारापात्रे फार मोठी चित्रकार झाली नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर वाचणारे शेवटपर्यंत वाट पाहत बसतात, की आता मुंबईत प्रदर्शन लागेल, आता बक्षीस मिळेल. तसं काही झालं नाही. बालाघाटच्या मुलींच्या शाळेत ती चित्रकला शिकवायची. निवृत्त झाली, मोतीबिंदूचं ऑपरेशन वेळेवर केलं नाही म्हणून माझी बोलणी खाल्ली, आणि गेल्या उन्हाळ्यात गेली. शोकसभेत एकजण म्हणाले, "बाईंना कलेची उपजत देणगी होती." मला तिथूनच उठून जावंसं वाटलं. उपजत काही नव्हतं. माणसाचं शरीर काढायला ती एका उन्हाळ्यात शिकली, घाम गाळून शिकली, आणि त्या शिकण्यापायीच तिचं शिक्षण बंद पडायची वेळ आली होती. मी शेजारी राहत होते. मला माहीत आहे.

तिचे वडील चिंतामणराव वनखात्याच्या कचेरीत हेडक्लार्क. आमच्यासारखी नोकरदार मराठी घरं तेव्हा नागपूरकडे तोंड करून बसलेली. शिक्षण नागपूरला, लग्नाचा बस्ता नागपूरला, दाढ दुखली तरी नागपूर. छप्पन साली प्रांतांची फाडाफाड झाली, नागपूर तिकडे गेलं आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. मग शिकायचं तर जबलपूर. मी तिथं बी.ए. करत होते, हॉस्टेलात राहत होते. पुष्पीला तिथल्याच एका कलाशाळेत घातलं. "मीनाक्षी आहे ना सोबत," एवढ्या एका मुद्द्यावर चिंतामणरावांनी परवानगी दिली होती.

पहिलं वर्ष फुलं, पानं आणि सुरया काढण्यात गेलं. दुसऱ्या वर्षी माणूस आला. समोर बसायला एक म्हातारा हमाल यायचा, लंगोटीवर. तो आला की मास्तर म्हणायचे, "लड़कियाँ बगल के कमरे में जाएँ," आणि त्या मोजक्या मुली आपापले बोर्ड उचलून शेजारच्या खोलीत जायच्या. तिथं एक सांगाडा टांगलेला होता आणि डोकं नसलेली, हात तुटलेली प्लास्टरची धडं होती. सांगाडा काढायला कोणाची हरकत नव्हती. परीक्षेचा पेपर मात्र मुलामुलींना एकच: समोर बसलेला माणूस पाहून काढा.

म्हणजे पुष्पीला हाडं माहीत होती, हाडांवरचे कपडे माहीत होते, मधलं काहीच माहीत नव्हतं. परीक्षेत तिला मागच्या रांगेत बसवलं. पुढच्या पोरांच्या खांद्यांमधून दिसला तेवढा म्हातारा तिनं काढला. मी तो कागद पाहिला आहे. काठ्यांवर ओलं फडकं वाळत घालावं तसा माणूस. नापास झाली, यात नवल ते काय?

पुरवणी परीक्षा जुलैत होती. मे महिन्यात छोट्या लाईनच्या गाडीनं आम्ही घरी आलो. चिंतामणरावांनी अंगणात पाय धुता धुताच निकाल सुनावला. "जुलैत पास झाली तं पुढं पाहू. नाई तं पुरे झालं जबलपूर. घरी बसायचं, स्थळं पाहायची."

ते रागावले नव्हते. तेच जास्त वाईट. रागावलेल्या माणसाला समजावता तरी येतं.

पुष्पीनं आधी आरशासमोर उभं राहून स्वतःचे खांदे काढायला घेतले. आईनं, विमलाबाईंनी, पाहिलं आणि आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवला. मग धाकट्या भावाला, मधूला, सदरा काढून उभं केलं. तो सारखा छाती फुगवायचा आणि श्वास संपला की पळून जायचा. मी म्हटलं, "पुष्पे, पुस्तकातून काढ." ती म्हणाली, "पुस्तकातून काढूनच तं नापास झाली न मी."

त्याच घरात तिची मोठी बहीण सत्यभामा बाळंतपणाला आली होती. मुलगी होऊन थोडेच दिवस झाले होते. मागच्या खोलीत बाज, बाजेखाली गोवऱ्यांची शेगडी, ओव्याचा धूर, दार बंद, बाहेर मे महिना. त्या भट्टीत रोज सकाळी गोदाबाई यायची, बाळंतिणीला तेल लावायला. गोदाबाई म्हणजे दांडगी, मोठ्या आवाजाची बाई. गावातल्या अर्ध्या बाळंतिणी तिच्या हाताखालून गेलेल्या. तिचं शरीरशास्त्र ऐकून डॉक्टर पळून गेला असता. पोटात गोळा फिरतो, तो पाठीत शिरतो, तिथून डोक्यात चढतो, असं ती छातीठोकपणे सांगायची. पण हात चांगला होता, आणि त्याहून मुख्य म्हणजे ती पाठ उघडी करायची.

पुष्पी एक दिवस गरम तेलाची वाटी द्यायला आत गेली आणि बाहेर आलीच नाही. वरच्या झरोक्यातून उजेडाचा एक पट्टा पडायचा. सत्यभामा सतरंजीवर पालथी झोपलेली, पाठ तेलानं चिंब. गोदाबाईचा तळवा दाबत खाली उतरला की उजेडही पाठीवरून घसरायचा, आणि खांद्याचा फरा कुठं संपतो, कण्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू कमरेत कसे उतरतात, सगळं लख्ख दिसायचं. प्लास्टरवर हे कधी दिसलं नव्हतं. प्लास्टर श्वास घेत नाही.

पुष्पी कागद घेऊन परत आली, तशी गोदाबाई थांबली.

"हे काय वो? काय लिहून राह्यली?"

"लिहून नाई, काढून राह्यली. ताईची पाठ."

"बाळंतिणीचं चित्र? येडी झाली का काय? तोंड कागदावर गेलं का दूध आटते."

"तोंड कुठं काढून राह्यली मी? पाठच काढतो."

सत्यभामा पालथ्या पालथ्याच म्हणाली, "काढू दे वो गोदाबाई. नाई तं परत नापास होईन, मंग माह्याच उरावर बसन."

गोदाबाईनं विचार केला. त्या खोलीत तिचंच राज्य, आईचंसुद्धा चालत नसे. "तोंड काढायचं नाई," तिनं फर्मान काढलं. "मानेच्या वरतं गेली तं कागद शेगडीत."

मग हे रोज सुरू झालं. आणि गोदाबाईला, खरं सांगायचं तर, कोणी आपलं काम टक लावून पाहतंय याची चटक लागली. ती पुष्पीला तेलाची बुधली धरायला म्हणून आपल्याबरोबर दुसऱ्या घरीही नेऊ लागली. प्रत्येक घरी आधी विचारून घ्यायची, हे तिच्या बाजूनं सांगायला हवं. "चित्राचा अभ्यास हाय पोरीचा. तोंड नाई काढत ते." एकदोघींनी नको म्हटलं, त्यांचं नाही काढलं. बाकीच्या हसल्या आणि पालथ्या झाल्या. तोंड नाही ना, मग कोण कोणाला ओळखतंय?

या घरांमध्येच एक घर रेंजर खेमराज पटले यांचं होतं. त्यांच्या बायकोला, प्रेमलताबाईंना, दुसरा मुलगा झाला होता. पटलेसाहेब चिंतामणरावांचे वरिष्ठ. मी पुष्पीला म्हटलं, "तिथं नको जाऊ, साहेबाचं घर आहे." ती म्हणाली, "साहेबाची पाठ थोडीच काढून राह्यली?"

जून उजाडला तोवर तिच्याकडे कागदांची जाड गुंडाळी झाली होती. सगळ्या मानेपासून खाली. रुंद पाठी, काटक पाठी, म्हशीसारख्या ऐसपैस पाठी. तिचा हात बदललेला मलाही कळत होता, आणि मला चित्रातलं काही कळत नाही.

आता बिब्ब्याचं सांगते. आमच्याकडे बाईची कंबर दुखली, पाठ धरली, की बिब्बा तापवून सुईनं त्याचा डाग देतात. डाग काळा पडतो आणि मग जन्मभर राहतो. आमच्या भागात बिनबिब्ब्याची पाठ सापडणं कठीण. कोणाला तीन टिकल्या, कोणाला फुल्या, कोणाला कण्याशेजारी माळच. गोदाबाईनंच घातलेले बहुतेक. पुष्पीनं ते सगळे डाग जसेच्या तसे काढले. मास्तरांनी सांगितलं होतं, जे दिसेल तेच काढायचं, मनचं घालायचं नाही. बाईची ओळख म्हणजे तोंड, असं ती समजत होती. गोदाबाईही तसंच समजत होती. मीसुद्धा. आम्ही तिघीही तेव्हा बिननवऱ्याच्या होतो. पुष्पी आणि मी कुमारिका, गोदाबाई विधवा.

एका रविवारी सकाळी पटलेसाहेब चहाला आले. पुष्पी आणि मी स्वयंपाकघरात होतो, मधलं दार उघडं होतं. चिंतामणरावांना हल्ली मुलीच्या मेहनतीचं कौतुक वाटू लागलं होतं. कागदांवर डोकी नव्हती, त्यामुळे कलाशाळेतल्या प्लास्टरवरून काढलेलंच ती घरी पुन्हा गिरवतेय, अशी त्यांची पक्की समजूत. प्रवेशाच्या वेळी ती बिनडोक्याची धडं त्यांनी स्वतः पाहिली होती. त्यांनी गुंडाळी आणली आणि दिवाणावर एकेक कागद पसरायला लागले.

आतून आम्हाला आवाज आला, "हे पाहा साहेब, पोरीचा हात पाहा. हा खांदा. अन् ही कंबर कशी जिवंत उतरली, पाहा."

पुष्पीच्या हातातली सांडशी तशीच राहिली. मी दाराच्या फटीतून पाहिलं. चिंतामणराव कागदावरच्या सत्यभामेच्या पाठीवर बोट फिरवत होते.

"बढ़िया," पटलेसाहेब म्हणाले. त्यांना चहात जास्त रस होता. दुसरा कागद, तिसरा कागद. मग पुढचा कागद आला आणि पटलेसाहेबांनी कप खाली ठेवला.

"बारापात्रेबाबू, हे प्लास्टरचं हाय म्हन्ता?"

"हौ साहेब, प्लास्टरचंच. कलाशाळेत ठेवलेलं असते."

"मंग प्लास्टरले बिब्बा कोनं घातला?"

चिंतामणराव वाकले. चष्मा सारखा केला. कण्याशेजारी तीन फुल्या होत्या, आणि मधल्या फुलीचा एक पाय लांब ओढल्यासारखा कमरेपर्यंत गेला होता. डाग देताना प्रेमलताबाईंना शिंक आली होती, हे मला नंतर कळलं. पटलेसाहेबांना ते माहीत होतं, कारण दिवा धरायला तेच उभे होते.

पटलेसाहेब उठले. चहा अर्धा टाकून, टोपी घेऊन निघून गेले.

"पुष्पे!"

ती बाहेर गेली. मी दाराशीच उभी राहिले.

"कोनाच्या आहेत ह्या?"

ती कागद गोळा करायला वाकली, तशी त्यांनी तिला थांबवलं.

"घरात कोनाले आनून बसवलं? बोल. बाजारातली बाई आनली का?"

"नाई बाबा."

"मंग कोन? साहेब काहून उठून गेले?"

पुष्पी सांगेना. कोणाची पाठ ते कोणाला कळणार नाही, असा तिनं घराघरांत शब्द दिला होता. चिंतामणरावांचा आवाज चढत चालला. शेवटी त्यांनी पसरलेला पहिलाच कागद उचलून तिच्या तोंडासमोर धरला. "ही! ही कोन हाय, एवढं सांग!"

मागच्या खोलीतून सत्यभामेचा आवाज आला, शांत, बाळाला पाजत असल्यासारखा. "तीन टिकल्या हायेत का डाव्या खांद्याखाली? मंग ते मीच हावो, बाबा."

चिंतामणरावांनी तो कागद असा पटकन पालथा ठेवला की जणू चटकाच बसला. थोड्या वेळापूर्वी त्यावर फिरवलेलं बोट त्यांनी धोतराला पुसलं. मला तेव्हा हसू आलं होतं, आणि पुष्पीच्या चेहऱ्याकडे पाहून ते जिरलंही. कारण पुढचं वाक्य काय येणार ते आम्हा दोघींना कळलं होतं.

"कागद चुलीत घाला," ते विमलाबाईंना म्हणाले. "अन् जबलपूर बंद. आजपासून."

विमलाबाईंनी गुंडाळी उचलली आणि आत गेल्या. चूल पेटलेली होती. मी पाहिलं, त्यांनी तांदळाच्या कणगीचं झाकण काढलं, गुंडाळी आत खुपसली, झाकण लावलं आणि भाकरी थापायला बसल्या. कोणाकडे पाहिलं नाही.

दुपारी गोदाबाई आली ती तणतणतच.

"मी तोंड नोको म्हनलं होतं. बिब्बा काढ म्हनलं का? सांग, म्हनलं का?"

"दिसलं ते काढलं," पुष्पी म्हणाली. रडून तिचा आवाज बसला होता.

"दिसलं ते काढलं म्हने! गावाचे बिब्बे कागदावर, अन् बाप दाखवून राह्यला साहेबाले!" मग तिचा आवाज एकदम खाली आला, कारण खरी बातमी पुढं होती. पटलेंच्या घरून ती नुकतीच आली होती. साहेब घरी गेले ते तडक बायकोच्या खोलीत. सव्वा महिना झालेला नाही, विटाळ आहे, काही पाहिलं नाही. म्हणाले, तुझी पाठ बारापात्रेच्या दिवाणावर पडली आहे. प्रेमलताबाई पोराला झोपवत होत्या.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय! ते बाई काय भेते का? म्हनते, हौ, माहीच हाय. तुम्हाले पाह्यल्याबरोबर ओळखू आली, म्हंजे पोरीले काढता येते. आता आवाज करू नोका, पोट्टं उठन."

गोदाबाई एवढं बोलून मोठ्यानं हसली. पुष्पी हसली नाही. साहेबांच्या बायकोनं काय म्हटलं यावर तिचं जबलपूर अवलंबून नव्हतं. ते वडिलांवर होतं, आणि वडील पडवीत भिंतीकडे तोंड करून झोपले होते.

दुसऱ्या दिवशी कचेरी सुटल्यावर पटलेसाहेब परत आले. या वेळी आत बसले नाहीत, ओट्यावरच उभे. चिंतामणराव हात जोडून माफी मागायला लागले. "साहेब, पोरीची चूक झाली. मी तिचं शिक्षन बंद केलं. घरीच बसवतो आता."

"हेच सांगायला आलो," पटलेसाहेब म्हणाले. खाली ओट्याच्या फरशीकडे पाहत होते. "घरी बसवू नका."

"साहेब?"

"अवो बाबू, घरी बसवली तं लोक इचारतीन, काहून बसवली? परीक्षा सोडून काहून बसवली? मंग काय सांगान? चार जन चार गोष्टी करतीन, अन् मंग त्या पाठी कोनाच्या, ते निघनच. गेली परीक्षेले, तं कोनी इचारत नाई. चुपचाप भेज दो."

चिंतामणराव हेडक्लार्क होते. कलेचं त्यांना कळलं नसतं, मुलीचं मन कळलं नसतं, पण हे तंतोतंत कळलं. नस्ती, म्हणजे फाईल, चालू ठेवली की कोणी उघडून पाहत नाही. त्यांनी मान डोलावली.

"अन् तो कागद?" पटलेसाहेबांनी विचारलं.

"तो जळाला साहेब, कालच."

आतून विमलाबाई आल्या. डोक्यावर पदर, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली एकाच कागदाची सुरळी, तिला तांदळाचं पीठ लागलेलं. ती त्यांनी ओट्याच्या कडेला ठेवली आणि आत गेल्या. चिंतामणराव बायकोच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघतच राहिले. पटलेसाहेबांनी सुरळी काखेत मारली आणि निघून गेले. पुढं त्या कागदाचं काय झालं, मला माहीत नाही. माहीत असतं तरी लिहिलं नसतं.

जुलैत आम्ही जबलपूरला गेलो. परीक्षेचं जे पुढं सांगते ते पुष्पीनं त्याच संध्याकाळी हॉस्टेलात मला सांगितलं, आणि ती तिखटमीठ लावणाऱ्यांतली नव्हती.

मास्तरांनी तिला पुन्हा मागच्या रांगेकडे बोट दाखवलं. तिनं स्टूल उचललं आणि सरळ पुढं, म्हाताऱ्याच्या मागच्या अंगाला नेऊन ठेवलं. मास्तर म्हणाले, "यहाँ से चेहरा नहीं दिखेगा." ती म्हणाली, पेपरात माणूस काढा म्हटलंय, चेहरा काढा म्हटलेलं नाही. मास्तर बाहेरच्या परीक्षकांकडे पाहायला लागले. परीक्षक पान चघळत होते, त्यांनी बसू द्या अशी खूण केली.

इतक्या जवळ मुलगी येऊन बसलेली पाहून तो म्हातारा हमालच लाजला. त्यानं खुंटीवरचा गमछा घेऊन पाठीवर ओढून घेतला. मुलं हसली. मास्तर म्हाताऱ्याला काही सांगतात का, म्हणून पुष्पीनं त्यांच्याकडे पाहिलं. ते मुलांचे कागद पाहत फिरत राहिले. पेपरचा वेळ चालला होता.

"बाबा," ती म्हणाली, "गमछा हटाइए. मुझे पास होना है."

म्हाताऱ्यानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मग गमछा काढून मांडीवर ठेवला, आणि ताठ बसला.

ती पास झाली. नंबर वगैरे नाही, मधल्या कुठल्यातरी श्रेणीत. निकाल घेऊन घरी आली तेव्हा चिंतामणराव ओट्यावर दाढी करत होते.

"पास?"

"पास."

"बरं झालं," ते आरशातच पाहत म्हणाले. "फी भरून टाकतो. कागद मात्र मले दाखवू नोको."